कोल्हापूरला देशपातळीचा संघ झेपेल का?

आमच्या मुरगुडात मोठमोठ्या प्रश्नांचा निकाल चहाच्या दुकानात लागतो. वेदगंगेला पाणी किती आले येथपासून दिल्लीचे सरकार किती दिवस टिकणार येथपर्यंत सारे विषय तेथे रोज हातावेगळे होतात. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. त्यामुळे मला तेथे एक खुर्ची आणि अर्धा कप जादा चहा हक्काने मिळतो. एके दिवशी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, कलकत्त्याची टीम आहे, गोव्याची आहे, मिझोरामची आहे. मग फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आपल्या कोल्हापूरची का नाही?"

मी उत्तर देण्यापूर्वीच कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध वस्ताद म्हणाले, "पोरा, टीम काय, उद्या हुईल. वरीसभर त्यास्नी खायाला कोन घालनार, ते आधी इचार!"

सारे हसले. पण वस्तादांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मध्यम आकाराच्या शहराला पहिल्या प्रतीचा व्यावसायिक संघ बाळगता येतो की नाही, या वादाचे सारे मर्म त्यात आहे. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट जवळ घेऊन हा हिशेब आपण जरा सावकाशीने मांडू.

गर्दीची वाण नाही

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना कदाचित हे नवल वाटेल, की महाराष्ट्रात इतरत्र मुले बॅट घेऊन हिंडत असताना कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉलची चर्चा चालते. येथल्या संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, आणि पेठेपेठेत तालमी घुमू लागल्या. पुढे याच तालमींच्या पोरांनी लंगोटाच्या जोडीला फुटबॉलचे बूट घेतले. आखाडा आणि फुटबॉल एकाच छपराखाली नांदावेत, असे दुसरे शहर माझ्या पाहण्यात नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनचे सामने शाहू स्टेडियमवर सुरू झाले, की पेठेच्या संघासाठी दुकानदार फळ्या लावतो, रिक्षावाला भाडे नाकारतो. दूर आफ्रिकेतले खेळाडूही या तालमींकडून खेळून गेले आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पण पुढे त्याला व्यावसायिक फुटबॉल खेळायचे, तर जमशेदपूर, हैदराबाद, कलकत्ता अशी मुलूखगिरी करावी लागली. मुलगा आमचा, जयघोष दुसऱ्या गावचा! मला विचाराल तर या चर्चेत खरोखर पणाला लागलेली गोष्ट हीच आहे. संघ नसला म्हणून कोल्हापूरचे जेवण अडत नाही. पण येथल्या गुणी पोराला खेळावर पोट भरायचे असेल, तर आधी घर सोडावे लागते.

पुण्याचा धडा

"कोल्हापूरची वस्ती ती केवढी!" असा आक्षेप कोणी घेईल. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत-बाहेर होती, पुण्याची एकतीस लाखांवर. मग पुण्यात तरी संघ टिकावेत की नाही? पण इतिहास पाहा. २००७ साली पुणे एफ.सी. निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला, आणि पुढे दोन-तीन वर्षांत मालकांनी हात आखडता घेतला. भारत एफ.सी. २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डी.एस.के. शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीला गेला. बारा वर्षांत चार संघ आले आणि गेले!

यांतला एकही संघ पुण्यात माणसे नाहीत म्हणून बुडाला नाही. प्रत्येक संघ कोणा ना कोणा उद्योगसमूहाचा होता, आणि घर फिरले की घराचे वासे फिरतात. पंजाबातल्या फगवाड्याची कथा याहून बोलकी आहे. लाखभर वस्तीचे हे गाव. तेथल्या जे.सी.टी. या कापडगिरणीच्या संघाने १९९६-९७ साली पहिलीच राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. कलकत्ता, गोवा, मुंबई सारे मागे! पण २०११ साली गिरणीने संघ बंद केला, आणि फगवाडेकरांच्या हाती जुनी कात्रणे तेवढी उरली.

अमेरिकेतही हेच

परदेशात सारे आलबेल असते असे समजू नका. अमेरिकेत आपल्या क्रिकेटच्या जागी बेसबॉल. तेथल्या मिल्वॉकी शहराची वस्ती १९५० साली सहा लाख सदतीस हजार, म्हणजे जवळजवळ आपले कोल्हापूरच. १९५३ साली बोस्टनचा ब्रेव्ह्‌ज संघ तेथे राहावयास आला, आणि पहिल्याच हंगामात अठरा लाखांहून अधिक तिकिटे खपली. १९५७ मध्ये संघाने अजिंक्यपदही जिंकले. शहर संघाला आणखी काय देणार? पण पुढे मालक बदलले, दक्षिणेकडे दूरचित्रवाणीचा मोठा प्रदेश त्यांना खुणावू लागला, आणि १९६५ चा हंगाम संपताच संघ अटलांटाला निघून गेला. मिल्वॉकीला दुसरा संघ मिळायला १९७० साल उजाडले.

पण मिल्वॉकीच्याच उत्तरेला, त्याच विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे नावाचे लहान शहर आहे; वस्ती २०२० साली एक लाख सात हजार. त्याचा अमेरिकन फुटबॉलचा पॅकर्स हा संघ १९१९ पासून आजतागायत तेथेच आहे. न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी तो बरोबरीने झुंजतो, अनेकदा त्यांना धूळ चारतो. यातली मेख अशी, की १९२३ पासून हा संघ लोकांच्या मालकीचा आहे. लाखो लोकांकडे त्याचे भाग आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही. एकाच धनिकाने सारे भाग विकत घ्यावेत म्हटले तर मर्यादा आड येते. आणि उद्या संघ विकलाच, तर पैसा भागधारकांना न मिळता धर्मादायाला जातो. विकून कोणाचाच फायदा नाही, म्हणून संघ विकलाही जात नाही. शिवाय दूरचित्रवाणीचे उत्पन्न सगळ्या संघांत सारखे वाटले जाते, त्यामुळे लहान गावाचा संघ उपाशी राहत नाही. या दोन खांबांवर ते छप्पर उभे आहे.

आता रुपये-आणे-पै

वस्तादांच्या प्रश्नाकडे वळू. समजा, शंभर रुपयांचे तिकीट ठेवले, दर सामन्याला दहा हजार माणसे आली, आणि घरच्या मैदानावर बारा सामने झाले. बेरीज होते एक कोटी वीस लाख. ऐकायला बरे वाटते. पण सुपर लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर संघाने किती खर्च करावा याला जी मर्यादा घातलेली होती, ती २०२०-२१ साली साडेसोळा कोटींची होती! प्रवास, मैदान, प्रशिक्षक हे वेगळेच. म्हणजे नुसत्या तिकिटांवर पहिल्या पायरीचा संघ चालवणे हे फोडणीच्या तेलात जेवणावळ उठवण्यासारखे आहे. बाकीचे पैसे जाहिरातदारांकडून आणि दूरचित्रवाणीकडून यायचे, आणि त्या वाटेचाही भरवसा धरवत नाही. फुटबॉल महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी केलेला सातशे कोटींचा करार संपत आला, तेव्हा २०२५ मध्ये सारी सुपर लीगच अडून बसली होती.

मग दार बंद म्हणावे काय? तसेही नाही. ऐझॉलचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये वस्ती तीन लाखांच्याही आत. तेथल्या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. आदल्या हंगामात तो खालच्या पायरीवर ढकलला गेला होता; काही संघ बाहेर पडले म्हणून त्याला परत बोलावले, आणि त्याने विजेतेपदच नेले. त्याची भिस्त घरच्या पोरांवर आणि वेडे प्रेम करणाऱ्या गावावर होती. शिवाय आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये चढण्याची वाट २०२३ साली पंजाबच्या संघाने प्रथम वापरून दाखवली. तेव्हा पहिल्याच दिवशी माडीवर उडी मारण्याची गरज नाही, जिना आहे.

नाव कोणाचे, मैदान कोणाचे?

येथे एक सावधगिरीची सूचना. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग ही क्रिकेटची स्पर्धा सुरू झाली, आणि तीत कोल्हापूर टस्कर्स नावाचा संघ आला. आमची छाती फुगली. पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी सामने झाले ते पुण्याजवळ गहुंज्याला! सुनेने माहेरचे नाव लावावे आणि माहेरी कधी पाऊल ठेवू नये, तसला हा प्रकार. अशा संघाने शहराचे नाव पडद्यावर झळकते. पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत जे स्वप्न शिरते, ते त्याने शिरत नाही.

दुसरी अडचण आमच्या स्वभावाची. कोल्हापूरचा प्रेक्षक आधी आपल्या पेठेचा, मग शहराचा. या ईर्ष्येने खेळ जगवला हे खरे; पण तिच्यापायी हुल्लड माजून सामने थांबवावे लागले, हेही तितकेच खरे. माझी भाची कोल्हापुरात राहते. तिला मी विचारले, "सामन्याला का जात नाहीस ग?" ती म्हणाली, "मामा, खेळ बघायला आवडतो मला; पण कधी दगड येईल आणि कधी शिवी येईल याचा नेम नाही. मुलांना घेऊन कशी जाऊ?" घरातली बाईमाणसे आणि मुले यायला लागत नाहीत, तोवर दहा हजारांचा माझा हिशेब कागदावरच राहणार. पेठेचा झेंडा आठवडाभर फडकवावा, पण शहराचा संघ मैदानावर उतरला की गुंडाळून ठेवावा, एवढे आम्हांला शिकावे लागेल. खेड्यात भावकी वर्षभर भांडते, पण परगावचा मल्ल आखाड्यात उतरला की सारी एका बाजूला बसते. म्हणजे हे आपल्याला अगदीच अवघड आहे असे नाही.

उत्तर आपल्या शिवारात

मुरगुडात बसून मी हे लिहितो आहे, त्याला एक कारण आहे. आमचे गाव दहा-अकरा हजार वस्तीचे, तरी येथल्या कुस्ती संकुलातल्या मुली देशपातळीवर लढून येतात. आमच्या भागातली यात्रेची कुस्ती लोकवर्गणीवर होते. लहान गावाला मोठा खेळ झेपत नाही, हे मी कधीच मान्य करणार नाही. फरक इतकाच, की जत्रा एका दिवसाची आणि संघ बारा महिन्यांचा. एका दिवसाला वर्गणी पुरते. बारा महिन्यांना घडी बसवावी लागते.

आणि ती घडी बसवणे आम्हां लोकांना परके आहे काय? जवळच बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आहे, हमीदवाड्याला मंडलिकांच्या नावाचा आहे. १९६३ साली सुरू झालेल्या जिल्ह्याच्या दूध संघाला, म्हणजे आपल्या 'गोकुळ'ला, गावोगावच्या घरांतून दूध जाते. थोडे थोडे भाग जमवून, एका सभासदाला एक मत देऊन मोठे काम उभे करणे, ही विद्या ग्रीन बेच्या लोकांनी आम्हांला शिकवायला नको. कोल्हापूरचा संघ जर कधी झालाच, तर तो असा भागभांडवलाचा असावा : पेठांचा, शहराचा आणि कागल, राधानगरी, गडहिंग्लजपर्यंतच्या गावांचाही. म्हणजे साडेपाच लाखांचे शहर एकटे राहणार नाही. सारा जिल्हा पाठीशी उभा राहील. आमच्यासारख्यांना सामना संपल्यावर परतीची एस.टी. मिळाली म्हणजे झाले.

सहकाराची दुखणी मला ठाऊक नाहीत असे नाही. गटबाजी, निवडणुका, खुर्चीची ओढ यांनी कित्येक कारखाने आजारी पडले. संघाच्या संचालक मंडळात पुढाऱ्यांची गर्दी झाली, तर मैदानावर अकरा आणि व्यासपीठावर एकवीस, अशी गत होईल. तेव्हा खेळाडूंची निवड आणि पगार संचालकांच्या हाती देऊ नयेत, हिशेब दरवर्षी भरसभेत वाचावा, आणि संघ विकण्याचा हक्क कोणालाच नसावा, एवढे पहिल्या दिवशीच कागदावर यावे.

तर वस्तादांना माझे उत्तर असे : कोणी शेठ खायला घालणार असेल, तर त्याचे मन आहे तोवरच संघ जेवेल, पुण्यात आणि फगवाड्यात हेच झाले. पण घरटी एक शेर असेल, तर संघ लहान पायरीवर का होईना, टिकेल. पहिली पाच वर्षे तो हरेलही. हरणाऱ्या संघाचा शेर जपून ठेवण्याचा धीर आमच्यात असेल, तर कोल्हापूरला संघ झेपेल. तो नसेल, तर आजच्यासारखी आपापल्या पेठेची टीम बरी आहे.