मांडवातला ऑपेरा: पॅरिस ते झाडीपट्टी, बारा चटपटीत गोष्टी

दिवाळी उलटली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, कुठेही जा; धान निघालेल्या बांधीत मांडव पडलेला, पेटीचे सूर लागलेले आणि थंडीत घोंगडी पांघरून अख्खं गाव बसलेलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीच्या मुलखातली ही झाडीपट्टी रंगभूमी. ती गावच्या हौशी मंडळांनी उभी केली. दिवसा नांगर धरणारे हात रात्री तोंडाला रंग लावायचे.

ऑपेरा म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं आणि मखमली खुर्च्या येतात. पण जगातला सर्वांत लोकप्रिय फ्रेंच ऑपेरा, जॉर्ज बिझेचा ‘कारमेन’, जरा जवळ जाऊन बघा. एखाद्या झाडीच्या गावातल्या मंडळानं उद्या बसवायला घ्यावा, इतका तो आपल्या ओळखीचा निघतो!

१. ‘कॉमिक’ म्हणजे विनोदी नव्हे

‘कारमेन’चा पहिला प्रयोग झाला ३ मार्च १८७५ रोजी, पॅरिसच्या ओपेरा कॉमिक या नाट्यगृहात. इथल्या ‘कॉमिक’चा हसण्याशी संबंध नाही. गाण्यांच्या मधे गद्य संवाद असलेला ऑपेरा, एवढाच त्याचा अर्थ. थोडं बोलायचं, मग गायचं, पुन्हा बोलायचं. म्हणजे आपलं संगीत नाटकच की! अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. पॅरिस आणि पुणे यांच्यात अंतर सहा वर्षांहूनही कमी. गद्य आणि गाणं यांची तीच जोडी झाडीपट्टीच्या मांडवात आजही रात्रभर चालते.

२. इथे सोयरिकी जुळतात!

ओपेरा कॉमिक हे घरंदाज कुटुंबांचं नाट्यगृह होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना दाखवायची तर दोन्हीकडची मंडळी तिथे शेजारशेजारच्या बैठका घेऊन बसत. नाटक चालू, आणि नाटकाबरोबर पसंतीही चालू! त्यामुळे नायिकेचा रंगमंचावर खून होणार हे कळल्यावर नाट्यगृहाच्या दोन संचालकांपैकी एक, अडोल्फ द लवेन, हादरूनच गेले. लग्न ठरवायला आलेल्या लोकांसमोर खून? ‘कारमेन’ रंगमंचावर येण्याआधीच त्यांनी पद सोडलं.

आता आपली मंडई बघा. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे जमतात, दिवसा चहापाण्यात स्थळांचा विषय निघतो आणि रात्री सगळे मिळून नाटकाला जातात. झाडीत कित्येक सोयरिकींची पहिली बोलणी मंडईला आणि नाटकाला आलेल्या पाहुण्यांमध्येच झालेली आहेत. फरक एवढाच, की नाटकात खून झाला म्हणून आपल्याकडे कुणाची सोयरीक मोडत नाही.

३. नायिका कोण? कारखान्यातली कामगार

कारमेन राणी नाही, अप्सरा नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या सिगारेट कारखान्यात ती कामाला जाते. दुपारची सुटी होते, बायका धूर सोडत बाहेर येतात आणि धुरावरच गाणं म्हणतात. सेव्हिलचा तो तंबाखूचा कारखाना खरोखरचा होता. हजारो बायका तिथे राबत. आज त्या भव्य इमारतीत सेव्हिल विद्यापीठ आहे.

भंडारा-गोंदियाच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, पुडे बांधायचे, सुपात पानं-तंबाखू घेऊन दारात विड्या वळायच्या, यावर इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. सूप मांडीवर घेतलेली कारमेन झाडीच्या रंगमंचावर अगदी घरची वाटेल.

४. बैल तिथेही, बैल इथेही

‘कारमेन’चा चौथा अंक घडतो बैलझुंजीच्या मैदानाबाहेर. आत लोक जल्लोष करताहेत आणि बाहेर नायिका मरते आहे. आतला आनंद आणि बाहेरचा घात एकाच वेळी ऐकू येतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

झाडीत नाटकाचं आणि बैलाचं नातं याहूनही जवळचं आहे. गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरला की रात्री नाटक ठरलेलंच. दिवसा धुरकरी जोडी हाकतो, रात्री तोच पुढच्या रांगेत बसतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, तेव्हा पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांनाही झळ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगायची: आपल्या पटातला बैल मरण्यासाठी धावत नाही. जिंकला की घरची लक्ष्मी त्याला ओवाळते.

५. पेटी मूळची पॅरिसची

झाडीपट्टीच्या नाटकाचा प्राण म्हणजे ऑर्गन किंवा पेटी, जोडीला तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. यातल्या हार्मोनियमला ते नाव देऊन पेटंट घेणारा अलेक्सांद्र डबँ हा पॅरिसचा कारागीर होता. काळ १८४० च्या दशकाचा. पायानं भाता मारायच्या त्या वाद्याची हातानं भाता मारायची सुटसुटीत पेटी बनवली ती कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, १८७५ च्या सुमारास. म्हणजे ‘कारमेन’ आणि आपली पेटी जवळपास एकाच वयाच्या!

६. कानात फुंकणारा

ऑपेरात रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठाला एक छोटी खोपटी असते. तिच्यात बसलेला माणूस गायकांना पुढची ओळ सांगतो. फ्रेंच भाषेत त्याला म्हणतात ‘सूफ्लर’, म्हणजे शब्दशः फुंकणारा! झाडीपट्टीत हे काम विंगेतला प्रॉम्प्टर करतो. हंगामात रोज नवं गाव आणि नवं नाटक. रात्रभर पानं उलटत, आवाज प्रेक्षकांपर्यंत जाऊ न देता तो नटाला सावरतो. टाळ्या त्याच्या वाट्याला येत नाहीत, पण तो नसेल तर नाटक उभं राहत नाही.

७. बाप्याची बाई, बाईचा पोरगा

नाटकाच्याही आधीपासून झाडीत दंडार हा लोकनाट्याचा प्रकार आहे. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्यभर काम करून ही परंपरा ग्रंथात आणली. दंडारीत लुगडं नेसून नाचतो तो पुरुष. फ्रेंच ऑपेरात याच्या नेमकं उलट: गुनोच्या ‘फाउस्ट’ (१८५९) मध्ये सिबेल हा तरुण मुलगा आहे, पण ती भूमिका गाते बाई!

८. रांगेत उभ्या राहू, विडी ओढणार नाही!

‘कारमेन’च्या तालमींत खरी कुरबूर केली ती समूहगान करणाऱ्या बायकांनी. त्यांना सवय होती रांगेत उभं राहून गायची. इथे सांगण्यात आलं, एकेकट्या या, धूर काढा, भांडा, झोंबा. त्यांनी संपाची भाषा केली. आपल्या हौशी मंडळाला ही अडचण येणारच नाही. नळावरचं भांडण वठवायला झाडीतल्या नटाला तालीम लागत नाही.

९. ‘वन्स मोअर’चं कोडं

गाणं आवडलं की मांडवातून आरोळी येते, ‘वन्स मोअर!’ इंग्रज त्याच वेळी ओरडतात ‘आंकोर’, जो शब्द आहे फ्रेंच. आणि फ्रेंच काय ओरडतात? ‘बिस’! हा शब्द लॅटिन, अर्थ ‘दोनदा’. प्रत्येकानं शेजाऱ्याचा शब्द उचललाय. हट्ट मात्र सगळ्यांचा एकच.

१०. टाळ्या विकत, बक्षीस मनापासून

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी टोळी असे. तिला ‘क्लाक’ म्हणत. कुठे रडायचं, कुठे वाहवा करायची, सारं आधी ठरलेलं. आपल्याकडे उलटी रीत. खडी गंमत हा लोकनाट्याचा खेळ रंगला की एखादा शेतकरी उठतो, खिशातली नोट शाहिराच्या हातात देतो आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. पॅरिसमध्ये दाद देणाऱ्याला पैसे मिळत, झाडीत दाद देणारा पैसे मोजतो!

११. अठ्ठेचाळीस आणि पाच हजार

‘कारमेन’वर पहिल्या रात्री प्रेक्षक थंड राहिले, समीक्षक तुटून पडले. तीन महिन्यांनी, ३ जून १८७५ रोजी, बिझे गेला. वय अवघं ३६. तेहेतिसावा प्रयोग नुकताच झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात त्याचा ‘कारमेन’ गाजला, पण ते पाहायला तो नव्हता. पॅरिसमध्ये त्या पहिल्या खेपेला प्रयोग झाले ४८. पुढे मात्र १९०४ मध्ये ओपेरा कॉमिकमध्येच हजारावा प्रयोग झाला.

आता आपल्या शेजारच्या गडचिरोलीचे परशुराम खुणे बघा. ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग! २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीतल्या प्रत्येक मांडवाला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं.

१२. धोतऱ्यानं मरणारी लक्ष्मी

‘कारमेन’नंतर आठ वर्षांनी, १४ एप्रिल १८८३ रोजी, त्याच नाट्यगृहात आला लिओ दलीबचा ‘लाक्मे’. लाक्मे म्हणजे आपली लक्ष्मी! वडिलांचं नाव नीलकंठ, दासीचं मल्लिका, कथा हिंदुस्थानातली. शेवटी लाक्मे मरते ती धोतऱ्याचं पान खाऊन. महादेवाला वाहायचा हा धोतरा पवनीच्या वाटेवर कुठेही दिसेल. पॅरिसच्या लोकांना जे अद्भुत वाटलं, ते आपल्या कुंपणाशी उगवतं.

मग कोण घेतं पुढाकार?

‘कारमेन’ परक्या भाषेत कसा करायचा, असं कुणी विचारलं तर त्याला दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगा. केप टाउनजवळच्या खायेलित्शा या वस्तीतल्या कलाकारांनी तो आपल्या खोसा भाषेत गायला, त्याचा चित्रपट केला आणि २००५ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल जिंकलं. पॅरिसमध्ये पीटर ब्रुकनं १९८१ साली तोच ‘कारमेन’ चार गायक आणि पंधराएक वादकांत बसवला होता. आणि स्वतः बिझेनं स्पेन कधी पाहिलंच नव्हतं!

आपल्याकडे तर सारं तयार आहे. विड्या वळणारी नायिका आहे, तिच्यावर जीव लावणारा हवालदार आहे, बैलाशी झुंजणाऱ्या गड्याच्या जागी पट जिंकून आलेला धुरकरी आहे. तिसऱ्या अंकातल्या चोरट्या व्यापाऱ्यांसाठी डोंगर आणि रान आहे. तोंडात झाडीबोली आहे, जी ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणते आणि गाण्यात आणखीच गोड लागते. वेळेची तर चिंताच नको. ‘कारमेन’ संपतो पावणेतीन तासांत. झाडीचा प्रेक्षक दहाला बसतो आणि तांबडं फुटल्यावर उठतो.

ऑपेराचा हा सगळा संसार, म्हणजे गद्य, पद्य, पेटी, प्रॉम्प्टर, सोयरिकी, वन्स मोअर, आपल्या शेतकऱ्यांनी धानाच्या बांधीत पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. त्याला ऑपेराइतकाच मान मिळायला हवा. येत्या भाऊबिजेनंतर एखाद्या मंडईचं आमंत्रण आलं, तर नाही म्हणू नका. घोंगडी घ्या, पुढची जागा धरा, आणि गाणं आवडलं तर पॅरिसपर्यंत ऐकू जाईल असा ‘वन्स मोअर’ द्या.