शाळेतलं वय सांगू की गाडीतलं?

मुलांना लोक देवाघरची फुले म्हणतात. आपण बौद्ध माणसे, देवाघराचा पत्ता आपल्याकडे नाही. तेव्हा आमची दोन्ही फुले परतूरच्या आमच्या घरातलीच. पण घरी अभ्यासाचे विचारले तर तोंड न उघडणारी ही मंडळी रेल्वेच्या खिडकीपाशी बसली, की त्यांना असा कंठ फुटतो की सारा डबा ऐकत राहतो.

आमचे परतूर मनमाड-सिकंदराबाद मार्गावर. आमच्या लहानपणी ही लाईन मीटरगेज होती. रूळ रुंद झाले, तरी क्रॉसिंगसाठी रानात उभे राहण्याची गाडीची खोड काही गेली नाही. अशीच एकदा तुरी-कपाशीच्या रानात गाडी पाऊण तास उभी. माणसे वैतागलेली, कुणी खाली उतरून बिडी ओढतोय. आमची धाकटी, तेव्हा चार वर्षांची, मोठ्याने म्हणाली, "पप्पा, गाडीला शू लागली का?" वैतागलेला डबा खळखळून हसला.

थोरल्याने मात्र आम्हाला चांगलेच पकडून दिले. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. तो सहाचा होता. अंगाने बारीक, खपून जाईल, असा हिशेब आम्ही केला आणि घरूनच पढवले, "विचारलं तर साडेचार सांग." बी.कॉम.चा असाही उपयोग! जालन्याच्या पुढे टी.सी. आले. "काय बाळ, वय किती?" चिरंजीव आमच्याकडे वळून म्हणाले, "पप्पा, शाळेतलं सांगू की गाडीतलं?" टी.सी. पोट धरून हसले आणि हसत हसतच पावती फाडली. भाडे गेले, वर दंड गेला. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढणारे आम्ही मान खाली घालून बसलो.

खरा प्रसंग पुढचाच. कल्याणला बहिणीकडे निघालो होतो. समोर एक गृहस्थ, बोलायला मोकळे. गाव, नोकरी, पाऊसपाणी सगळे झाले. आमच्या सौ.ने भाकरी-ठेचा पुढे केला, त्यांनीही आनंदाने घेतला. मग तो प्रश्न आला, जो वाचकांपैकी कुणाला चुकलेला नाही. "आडनाव काय म्हणालात?" आम्ही हसून म्हणालो, "परतूरकरच समजा."

"पप्पा खोटं बोलतात!" धाकटी ओरडली. आता ती सहाची झाली होती. "आपण जयभीमवाले ना? काका, आमच्या घरी बाबासाहेबांचा एवढा मोठ्ठा फोटो आहे!" आणि फोटो दाखवायला तिने दोन्ही हात असे पसरले की काकांचा चष्माच खाली पडला.

आम्ही चष्म्याकडे नाही, त्यांच्या हातातल्या भाकरीकडे पाहत होतो. ते थोडे थांबले. मग भाकरी खाल्ली त्यांनी, सगळी खाल्ली. पण मनमाडपर्यंत पुढे एक शब्द बोलले नाहीत. का, ते आम्हाला माहीत नाही. झोपही आली असेल.

आम्ही पोरीवर डोळे वटारले, तर सौ. हळूच म्हणाली, "तिला कशाला दटावता? लाज तिला वाटली का तुम्हाला?"

त्या रात्री आम्हाला मसूर स्टेशन आठवत राहिले. साल १९०१. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, थोरला भाऊ आणि भाचरे साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली. नवे कपडे, नवे बूट, पहिलाच आगगाडीचा प्रवास, केवढा आनंद! मसूरला उतरले तर न्यायला कोणी आलेले नाही, कारण पत्र वडिलांना कळलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारले, तुम्ही कोण? आणि लहानग्या भीमरावांनी काही विचार न करता सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला, तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. बरोबर जेवण होते, पण पाणी नव्हते. मुसलमान आहोत असे सांग, असा सल्ला मिळाला. टोलनाक्यावर भीमरावांनी तसे सांगूनही पाहिले. खरे सांगितले तर मास्तर दूर झाला, खोटे सांगितले तरी घोटभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. थोरल्याला ते वाचून दाखवले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "मग त्यांनी पाणी कधी प्यायलं?"

कल्याणहून परतताना सकाळची तपोवन होती. कसाऱ्याच्या घाटात बोगदा आला, अंधार झाला, उजेड झाला, पुन्हा अंधार. धाकटी म्हणाली, "मम्मी, दोन रात्री झाल्या, आता दोनदा जेवायला दे." डबा उघडावाच लागला.

परतूर आले. पिवळी पाटी ती एकेक अक्षर लावून वाचत होती. "प-र-तू-र. पप्पा, सगळे इथं परत येतात म्हणून परतूर का?"

मागच्या बाकावरून पिशवी सावरत उठणारे एक म्हातारबाबा, आमच्याच गावचे, म्हणाले, "येतात गं बाई. मुंबई-पुण्याला गेलेली पोरं एरवी नाही, पण जयंतीला येतात."