मासळीची मर्यादा कोण ठरवितो?

सातपाटीच्या बंदरास होड्या लागल्या की मासळीच्या दोन वाटा होतात. उत्तम पापलेट बर्फात घालून दूरच्या, प्रसंगी परदेशच्याही बाजाराकडे रवाना होते. बाकीची मासळी टोपल्यांतून पालघर-बोईसरच्या बाजारात येते. परदेशी जाणाऱ्या मासळीस जे नियम लागतात, त्यांचे मूळ बहुतांशी एका जागतिक सभेत आहे, ही गोष्ट आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

ह्या सभेचे नाव कोडेक्स अलिमेंटारियस आयोग. नाव लॅटिन असून त्याचा अर्थ अन्नसंहिता असा होतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी १९६३ साली तो स्थापिला. पुढील वर्षी हिंदुस्थान त्याचा सभासद झाला. आज सुमारे १९० सभासद त्यात आहेत.

मर्यादा कशी ठरते हे बांगड्याच्या उदाहरणाने पाहू. बांगडा अथवा कुपा मेल्यावर उन्हात पडून राहिला, तर सूक्ष्म जंतू त्याच्या मांसात हिस्टामीन नावाचे द्रव्य उत्पन्न करितात. ते खाल्ल्याने तोंड लाल होते, डोके दुखते, अंगास खाज सुटते. मासळी कितीही शिजविली तरी हे द्रव्य नाहीसे होत नाही! २०१२ साली तज्ज्ञमंडळाने असा हिशेब मांडिला की, निरोगी मनुष्यास एका वेळी ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामीन बाधत नाही. एका जेवणात २५० ग्रॅम मासळी खाल्ली असे धरिले, तर किलोस २०० मिलिग्रॅम ही मर्यादा निघते. (कोळीवाड्यातील जेवणास २५० ग्रॅम काही फार नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे.)

परंतु तज्ज्ञ केवळ धोका मोजतात. निर्णय सरकारे करितात. मसुदा आठ पायऱ्यांनी वर चढतो व मध्यंतरी दोनदा सर्व देशांची मते मागविली जातात. आपल्याकडे हे काम दिल्लीचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण पाहते. शक्यतो सर्वसंमतीने निकाल होतो. तथापि सदैव नव्हे. रॅक्टोपामीन हे जनावरांचे मांस वाढविणारे औषध २०१२ साली मतास टाकावे लागले, तेव्हा ६९ विरुद्ध ६७ अशा दोन मतांच्या अंतराने त्याची मर्यादा संमत झाली. शास्त्राचा आकडा मतपेटीतून बाहेर पडावा, हे विचित्र खरे; परंतु धोका किती सोसावा हा प्रश्न निव्वळ शास्त्राचा नाहीच.

ही संहिता कोणत्याही देशास बंधनकारक नाही. मात्र १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेचा करार अंमलात आल्यापासून व्यापाराच्या तंट्यात तिचेच प्रमाण मानिले जाते; तिच्याहून कडक नियम करणाऱ्यास शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. आयात करणाऱ्या देशाची सत्ता किती असते, ते १९९७ च्या ऑगस्टात दिसले. स्वच्छतेतील उणिवांमुळे युरोपीय संघाने आपल्या देशातील मासळी घेणे बंद केले. वर्षाअखेरीस मान्यता मिळालेल्या कारखान्यांपुरतेच दार उघडले. त्या काळात निर्यातीवर पोट असलेल्यांचे हाल काय झाले असतील, ते वाचकांनीच ताडावे.

आपल्या तालुक्यात तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून आहे, म्हणून आणखी एक आकडा सांगतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर आयोगाने १९८९ साली किरणोत्सारी द्रव्यांच्याही मर्यादा घातल्या. सीझियम १३७ साठी ती किलोस १००० बेकेरल आहे. अपघातानंतर देशोदेशी जाणाऱ्या अन्नासाठी ती योजिलेली आहे.

आता आपल्या टोपलीकडे वळू. हिस्टामीनची मर्यादा आपल्या देशाच्या नियमांतही आहे. परंतु निर्यातीचा माल प्रयोगशाळेतून जातो, तसा टोपलीतील बांगडा जाणे कठीण. म्हणून बोईसरच्या गृहिणीच्या दृष्टीने त्या संहितेतील सर्वांत मोलाचा भाग आकड्यांचा नसून मासळीविषयक आचारनियमांचा आहे, असे मला वाटते. मासळी पकडल्यापासून शून्य अंशाच्या जवळ थंड ठेवावी आणि त्यासाठी लागणारा बर्फ पिण्याजोग्या किंवा स्वच्छ पाण्याचाच असावा, असे त्यात सांगितले आहे.