डॉक्टरच्या रकान्यात काय लिहू?

मेडिकलच्या काउंटरखाली एक वही असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. ड्रग इन्स्पेक्टर मात्र आल्या आल्या तीच मागतो. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर. 1 मार्च 2014 पासून नियम आहे: सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम असलं काही विकलं की रुग्णाचं नाव, औषध, नग आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता नोंदवायचा. वही तीन वर्षं जपायची.

आमच्या ढाणकीत हल्ली चिठ्ठीऐवजी मोबाईल पुढे येतो. मागे एका पोरानं सेफिक्झिमचा अख्खा कोर्स मागितला, मिलिग्रॅमसकट. डॉक्टर कोण? त्यानं एका एआय ॲपचं नाव सांगितलं. पत्ता विचारला तर हसत सुटला. मला हसू येईना. त्या रकान्यात खोटं लिहिलं तर लायसन्स माझं जाणार, ॲपचं नाही.

कायदा याबाबत सरळ आहे. 25 मार्च 2020 ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. एआयनं डॉक्टरला मदत करावी. रुग्णाला सल्ला देण्याची, औषध लिहून देण्याची त्याला मनाई. चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरचीच.

खरी धास्ती मला फवारणीच्या दिवसांत वाटते. एक बाई उलटीची गोळी मागायला आली. नवरा फवारून आला, ओकतोय, मोबाईलनं गोळी सांगितली. गोळीचं नाव बरोबर होतं, तेच तर वाईट. तिनं फवारणीचं सांगितलंच नव्हतं आणि मोबाईलनं विचारलं नव्हतं. मी गोळी दिली नाही. म्हटलं, माय, त्याला आधी दवाखान्यात हलव, अन् फवाऱ्याची बाटली सोबत ने. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन चालतं. दुसऱ्या गटांतल्या कित्येक विषांना उताराच नाही, तिथं लक्षणं बघत उपचार करावे लागतात. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून बाटली पाहिल्याशिवाय मी पुढं बोलत नाही.

न तपासता औषध सांगणं माणसालाही महागात पडतं. 2018 मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात, रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना बाळंतिणीला फोनवरून औषधं दिली आणि ती दगावली, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयानं त्या डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला. चूक-बरोबर काहीही असो, कोर्टात उभं करायला तिथं कुणीतरी होतं.

अमेरिकेतल्या युटा राज्यानं जुन्या चिठ्ठ्यांचं नूतनीकरण एआयकडून करून पाहायला सुरुवात केली आहे, तीही नियंत्रित औषधं वगळून. आमच्याकडे वाट निराळीच निघतेय. परवा टापटीप कपड्यांतला एक एजंट आला. म्हणाला, पेशंटनं लक्षणं टाकायची, चिठ्ठी आपोआप तयार, खाली डॉक्टरची सही आणि रजिस्ट्रेशन नंबरही छापून येतो. तुमचा रकाना भरला. मी विचारलं, सही करणारा डॉक्टर चिठ्ठी वाचतो का?

"वाचायला वेळ कुठाय, भाऊ? सही आधीच घेऊन ठेवलेली असते."

माहितीपत्रक ठेवून तो पुढच्या मेडिकलकडे वळला.