वेगळ्या विदर्भाची चळवळ

वेगळ्या विदर्भाची चळवळ ही महाराष्ट्राच्या पूर्व भागातील नागपूर व अमरावती या दोन महसुली विभागांचे मिळून स्वतंत्र राज्य स्थापन व्हावे, या मागणीसाठी चालत आलेली राजकीय चळवळ आहे. या प्रदेशात अकरा जिल्हे असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २.३ कोटी, म्हणजे राज्याच्या साधारण एक पंचमांश आहे. भारतातील बहुतेक प्रादेशिक चळवळींनी भाषेच्या आधारे राज्य मागितले. विदर्भात मात्र मराठी भाषकांच्याच एका भागाने मराठी राज्यातून वेगळे होण्याची इच्छा व्यक्त केली.

पार्श्वभूमी

आजचा विदर्भ दोन निरनिराळ्या प्रशासकीय परंपरांमधून घडला. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले व १८६१ मध्ये ते मध्य प्रांतात समाविष्ट झाले. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. त्यामुळे पुणे-मुंबईकडील मराठी मुलखाशी या प्रदेशाचा प्रशासकीय संबंध जवळपास शंभर वर्षे नव्हता. नागपूर ही एका मोठ्या, बहुतांशी हिंदी भाषक प्रांताची राजधानी होती. तेथे विधिमंडळ, सचिवालय आणि १९३६ पासून उच्च न्यायालय होते. शहराच्या राजकीय आकांक्षा व पुढील काळातील दुखावलेपण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

वेगळेपणाच्या मागणीचा पहिला रोख हिंदी भाषक बहुमताकडे होता. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने स्वतंत्र महाविदर्भ प्रांताचा ठराव संमत केला. पुढे संयुक्त महाराष्ट्राची कल्पना पुढे येताच प्रश्नाचे स्वरूप बदलले. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात एकाच प्रांतात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळे व मंत्रिमंडळे, अशी तडजोड सुचविण्यात आली. ती प्रत्यक्षात आली नाही.

नागपूर करार आणि फाजल अली आयोग

२८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार हा या विषयातील सर्वाधिक उद्धृत होणारा दस्तऐवज होय. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे आदी नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. राज्याचे महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक मानून लोकसंख्येच्या प्रमाणात निधीचे वाटप व्हावे, शासकीय नोकऱ्यांत व उच्च शिक्षणातील प्रवेशांत त्याच न्यायाने वाटा मिळावा, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात असावे, तसेच दरवर्षी ठरावीक काळासाठी शासनाने नागपुरात यावे व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरवावे, अशा तरतुदी त्यात होत्या.

हा करार राजकीय नेत्यांमधील समझोता होता, कायदा नव्हता. त्यातील खंडपीठ व हिवाळी अधिवेशन ही दृश्य कलमे पाळली गेली. निधी व नोकऱ्यांची कलमे मोजमापाच्या वादात अडकली. वेगळ्या राज्याच्या समर्थकांचा मुख्य आक्षेप याच विसंगतीवर आहे. २०२० व २०२१ मध्ये करोना साथीच्या काळात हिवाळी अधिवेशन नागपुरात होऊ शकले नाही, तेव्हाही कराराचा दाखला देऊन टीका झाली.

राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगापुढे लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांनी स्वतंत्र विदर्भाची बाजू मांडली. १९५५ च्या अहवालात आयोगाने तत्कालीन आठ मराठी भाषक जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली. महसुलाच्या दृष्टीने हा प्रदेश स्वयंपूर्ण असून मोठ्या राज्यात नागपूरचे महत्त्व घटण्याची भीती अनाठायी नाही, असे आयोगाचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही त्याच वर्षी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात, एका भाषेचे एकच राज्य असण्याची गरज नाही, असे प्रतिपादन करून मराठी प्रदेशाचे चार भाग सुचविले होते. केंद्र सरकारने आयोगाची शिफारस स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

अनुशेषाचे राजकारण

अस्मितेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, या चळवळीचा आधार आर्थिक आहे. 'अनुशेष' हा शब्द १९८० च्या दशकात राज्याच्या राजकारणात रुळला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये, राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे तितकी त्याची तूट, असे सूत्र वापरून एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा जवळजवळ ३९ टक्के होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली व समन्यायी निधीवाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. सिंचनातील तुटीचे नेहमीचे उदाहरण म्हणजे वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्प. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा मूळ खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे कित्येक पटींनी वाढला.

विरोधकांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. वसंतराव नाईक यांच्यासह अनेक मुख्यमंत्री विदर्भातलेच होते. नाईक तर अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते. तेव्हा मागासलेपणाचा दोष केवळ पश्चिम महाराष्ट्राकडे जात नाही, असे ते म्हणतात.

निवडणुका व जनमत

बापूजी अणे १९६२ मध्ये आणि जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, ते या प्रश्नाच्या बळावर. धोटे १९८० मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर विजयी झाले आणि चळवळीचा जोर ओसरला. भारतीय जनता पक्षाने १९९० च्या दशकात छोट्या राज्यांच्या धोरणानुसार मागणीला पाठिंबा दिला. परंतु २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड निर्माण होत असताना मित्रपक्ष शिवसेनेच्या विरोधामुळे विदर्भ मागे राहिला. २०१४ मध्ये तेलंगणाच्या निर्मितीने तेलुगू भाषकांची दोन राज्ये झाली व भाषिक आक्षेपाची धार बोथट झाली.

जनमंच या संस्थेने २०१३-१४ च्या सुमारास घेतलेल्या अनौपचारिक मतचाचण्यांत सहभागी झालेल्यांपैकी बहुसंख्यांनी वेगळ्या राज्याला कौल दिला. मात्र केवळ याच मुद्द्यावर लढणाऱ्या पक्षांना विधानसभेत नगण्य मते मिळत आली आहेत. फिलिपिन्समधील बांगसामोरो प्रदेशाच्या स्वायत्ततेवर २०१९ मध्ये अधिकृत सार्वमत झाले. भारतात तशी सोय नाही. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य संसद निर्माण करते. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते.

प्रदेशांतर्गत भिन्नता

विदर्भ एकजिनसी नाही. पश्चिमेकडे वऱ्हाडी, तर वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली बोलली जाते. नागपूरची उभारणी करणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा वारसा सांगणाऱ्या गोंड समाजात स्वतंत्र गोंडवाना राज्याचीही मागणी आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविला व २०११ पासून आपल्या जंगलातील बांबूची विक्री ग्रामसभेमार्फत सुरू केली. या गावाच्या स्वशासनासाठी वेगळ्या राज्याची वाट पाहावी लागली नाही.