जावयाचं आडनाव

लग्न लागतं, वरात दारात येते, नवी सून माप ओलांडून आत येते. मग तांदूळ पसरलेलं ताट पुढे येतं आणि नवरदेव अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. साखर वाटली जाते. कालची कुलकर्ण्यांची सुमन आज देशपांड्यांची माधवी होते, आणि सत्यनारायण होईपर्यंत ते नाव सगळ्यांच्या तोंडात बसलेलं असतं. आडनावाचा तर प्रश्नच कुणाला पडत नाही. जावयाचं तसं नाही. तो दहावा ग्रह. अधिक महिन्यात त्याला तेहतीस अनारशांचं वाण मिळतं. तो घरजावई झालाच, तर लोक पाठीमागे हसतात. पण आडनाव त्याचं त्याच्याकडेच राहतं.

युरोपातल्या काही राजघराण्यांत मात्र हे तांदळाचं ताट नवऱ्यापुढे आलं. मुकुट बायकोच्या डोक्यावर, आणि घरात आलेल्या नव्या माणसाने देश, धर्म, नोकरी, नाव यांतलं काय काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे सासरचे ठरवणार. राजाची बायको आपोआप राणी होते. राणीचा नवरा राजा होत नाही, कारण राजा हा शब्द राणीपेक्षा वरचा मानला गेला आणि घरात तिच्याहून वरचं कुणी चालणार नव्हतं. मग या माणसाला म्हणायचं काय, आणि त्याच्या मुलांनी लावायचं काय? गेली पावणेदोनशे वर्षं हा घोळ चालू आहे.

अल्बर्ट: शेगडी कुणी पेटवायची?

सुरुवात कोबर्गच्या अल्बर्टपासून करू. ऑक्टोबर १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांना मागणी घातली. राणीला मागणी घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यामुळे तिलाच बोलावं लागलं. १० फेब्रुवारी १८४० रोजी लग्न झालं तेव्हा दोघंही वीस वर्षांची होती. पार्लमेंटने जर्मन जावयाचं स्वागत कसं केलं? पन्नास हजार पौंडांचा वार्षिक तनखा सुचवला होता, तो तीस हजारांवर आणला. काही महिन्यांतच अल्बर्टनी एका मित्राला लिहिलं की आपण नवरा आहोत, पण घरधनी नाही. राज्याचे कागद त्यांना दाखवत नसत. राणीने सही केली की तिच्यावर टिपकागद ठेवणं, हे त्यांचं सुरुवातीचं राजकारण.

मग त्यांनी घराकडे पाहिलं. राजवाड्यात शेगडीत लाकडं रचण्याचं काम एका खात्याचं आणि ती पेटवण्याचं दुसऱ्या खात्याचं. खिडकीची काच आतून पुसणारे वेगळे, बाहेरून पुसणारे वेगळे. दोघांचा मेळ बसला नाही की राणीने धुरकट काचेतून बाग पाहायची. अल्बर्टनी हा कारभार ताळ्यावर आणला. पुढे १८५१ मध्ये हाइड पार्कमधल्या काचेच्या महालात त्यांच्या पुढाकाराने जागतिक प्रदर्शन भरलं. साठ लाखांवर तिकिटं खपली आणि नफ्यातून साउथ केन्सिंग्टनची संग्रहालयं उभी राहिली. ‘प्रिन्स कॉन्सॉर्ट’ ही पदवी मात्र मिळाली १८५७ मध्ये, लग्नानंतर सतरा वर्षांनी. चारच वर्षांत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आपल्याकडेही त्यांची खूण आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी १८७२ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. आत डेव्हिड ससून यांनी करवून घेतलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आजही उभा आहे. १९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून हा राणीचा नवरा भायखळ्यातही दुसऱ्याच्या नावाच्या घरात राहतो.

आडनावाच्या बाबतीत अल्बर्ट नशीबवान म्हणायचे. तेव्हाच्या रीतीने मुलं बापाच्या घराण्याची ठरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरियामागे मुलगा गादीवर आला आणि ब्रिटनचं राजघराणं सॅक्स-कोबर्ग-गोथा झालं. ते टिकलं सोळा वर्षं. पहिल्या महायुद्धात ‘गोथा’ याच नावाची जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा अल्बर्टच्या नातवाला, पाचव्या जॉर्जला, आजोबांचं नाव अंगावर बाळगणं जड गेलं. जुलै १९१७ मध्ये त्याने आपल्या वाड्याचं नाव घराण्याला दिलं: विंडसर. त्याच उन्हाळ्यात बॅटनबर्ग या जर्मन नातलगांनी नावाचे दोन तुकडे करून इंग्रजी जुळणी केली: माउंटबॅटन. यांतलं एकही आडनाव कुळातून चालत आलेलं नव्हतं.

फिलिप: आजोळचं नाव

राणी एलिझाबेथचे नवरे फिलिप यांचा जन्म १० जून १९२१ चा, ग्रीसच्या कॉर्फू बेटावरचा. दीड वर्षाचे असताना कुटुंबाला देश सोडावा लागला. संत्र्यांच्या खोक्याचा पाळणा करून त्यांना ब्रिटिश युद्धनौकेवरून नेलं, ही गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आई बहिरी; पुढे मानसिक आजाराने स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयात गेली. चौघी बहिणी जर्मनीत दिल्या होत्या. वाढले ते फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनमधल्या शाळांत आणि आजोळच्या माणसांच्या आधाराने. मामा म्हणजे लुई माउंटबॅटन, आपले शेवटचे व्हाइसरॉय.

लग्नाच्या वर्षी, १९४७ मध्ये, फिलिप यांनी एकेक गोष्ट उतरवून ठेवली. ग्रीस आणि डेन्मार्कचं राजपुत्रपद सोडलं, ऑर्थोडॉक्स पंथ सोडून अँग्लिकन झाले, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. वडिलांच्या घराण्याचं नाव श्लेस्विग-होल्स्टाइन-सोंडरबुर्ग-ग्ल्युक्सबुर्ग. ते लंडनमध्ये चालण्यासारखं नव्हतं. मग आजोळचं नाव घेऊन ते लेफ्टनंट फिलिप माउंटबॅटन झाले. २० नोव्हेंबरला लग्न लागलं, पण वऱ्हाडात त्यांच्या बहिणी नव्हत्या. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. जर्मन नणंदांना आमंत्रणच गेलं नाही.

नोकरी तेवढी हातात होती. केप मातापानच्या लढाईत भाग घेतलेला, १९५० मध्ये स्वतःच्या युद्धनौकेचा कप्तान झालेला हा माणूस नौदलात वर चढणार हे दिसत होतं. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सासरे गेले. बायको केनियात असतानाच राणी झाली, आणि तिला ती बातमी सांगण्याचं काम फिलिप यांच्यावरच आलं. समुद्रावरची नोकरी तिथेच संपली.

आडनावाचा तंटा लगेच उभा राहिला. आता माउंटबॅटन घराण्याचं राज्य आलं, अशी फुशारकी मामांनी मारल्याचं राणीच्या आजीच्या, मेरीच्या, कानावर गेलं. आजेसासूबाईंनी पंतप्रधान चर्चिलना निरोप धाडला. मंत्रिमंडळ आजेसासूच्या बाजूने उभं राहिलं आणि ९ एप्रिल १९५२ रोजी राणीने जाहीर केलं की ती व तिची मुलं विंडसरच म्हणवली जातील. आपलं आडनाव मुलांना देता न येणारा देशातला मी एकटाच पुरुष, ही त्यांची चडफड पुढे जगजाहीर झाली. पुढच्या वर्षी राज्याभिषेकात त्यांनी बायकोपुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली.

मग अल्बर्टनी केलं तेच. वाड्यात इंटरकॉम बसवले, हुजऱ्यांच्या केसांना पावडर फासायची जुनी पद्धत बंद केली, शेतजमिनींचा कारभार हाती घेतला. १९५६ मध्ये तरुणांसाठी ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजना काढली. जानेवारी १९६१ मध्ये जयपूरच्या महाराजांचे पाहुणे म्हणून रणथंभोरला वाघ मारला, आणि त्याच वर्षी वन्यजीव निधीच्या ब्रिटिश शाखेचं अध्यक्षपद स्वीकारलं! २०१७ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांचे एकट्याने केलेले सार्वजनिक कार्यक्रम भरले २२,२१९.

हेन्रिक: हातखर्च

फिलिप यांनी कामात जिरवलं ते डेन्मार्कच्या हेन्रिक यांनी चव्हाट्यावर मांडलं. हे मूळचे फ्रेंच राजनैतिक अधिकारी, आन्री द लाबोर्द द मोंपेझा. १९६७ मध्ये, पुढे राणी झालेल्या मार्ग्रेटशी लग्न करताना त्यांचं पहिलं नावही बदललं, आन्रीचं हेन्रिक झालं. कॅथलिकचे लुथरन झाले. त्यांच्या डॅनिश उच्चारांना लोक वर्षानुवर्षं हसले. स्वतःच्या नावाचा भत्ता १९८४ पर्यंत नव्हता. २००२ मध्ये नववर्षाच्या स्वागत समारंभात यजमानपद त्यांना डावलून मुलाकडे गेलं, तेव्हा ते रुसून फ्रान्समधल्या आपल्या द्राक्षमळ्यात जाऊन बसले. बायको राणी, तर मी राजा का नाही, हे त्यांचं म्हणणं. ते शेवटपर्यंत टिकलं: २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की राणीशेजारी मला पुरू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते गेले. निम्मी राख डॅनिश समुद्रात आणि निम्मी वाड्याच्या बागेत गेली.

डॅनिश वर्तमानपत्रांनी त्यांची बरीच टवाळी केली. पण त्यांच्या तक्रारींची यादी मराठी बाईने वाचली तर तिला त्यात नवल ते काय वाटेल? नाव बदललं, बोलीला हसले, हातखर्चाला पैसे मागावे लागले, कार्यात मागे उभं केलं. हे सोसणारा पुरुष निघाला, म्हणून त्याची बातमी झाली.

उरलेलं आडनाव

सासरच्यांनी थोडी माया दाखवली, ती उशिरा. ८ फेब्रुवारी १९६० रोजी एलिझाबेथने जाहीर केलं की घराणं विंडसरच राहील, पण ज्या वंशजांना राजपुत्राचा किताब नसेल त्यांचं आडनाव माउंटबॅटन-विंडसर. डेन्मार्कमध्ये २००८ साली हेन्रिक यांच्या मुलांना व त्यांच्या वंशजांना मोंपेझाचे काउंट ही जोडपदवी मिळाली. मुकुट राणीच्या नावाने चालेल, बाहेर पडेल त्याने जावयाचं नाव लावावं, असा हा तोडगा.

२०२३ च्या पहिल्या दिवशी मार्ग्रेटने धाकट्या मुलाच्या चारही मुलांचे राजपुत्र-राजकन्येचे किताब काढले. त्यांच्याकडे राहिलं ते आजोबांचं मोंपेझा.

ब्रिटनमध्ये फिलिप ९ एप्रिल २०२१ रोजी गेले, नाव नाकारलं त्याच तारखेला, बरोबर ६९ वर्षांनी. एलिझाबेथचा १९६० चा तो जाहीरनामा निघाला, तेव्हा तिला दिवस भरत आले होते. अकरा दिवसांनी अँड्र्यू जन्मला. ऑक्टोबर २०२५ मध्ये थोरल्या भावाने, राजे चार्ल्स यांनी, त्याचे सगळे किताब काढून घ्यायचं ठरवलं, वाडा सोडायला लावला, आणि पत्रकात त्याचं नाव छापलं: अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर. बापाने हट्टाने मागितलेलं आडनाव मुलाला अखेर मिळालं, दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा.