घर विकण्याआधी पेटी उघडा

आज आपण घर रिकामं करण्याविषयी बोलणार आहोत. दिवाळीची आवराआवर वेगळी आणि घर विकायला काढल्यावरची वेगळी. दिवाळीत आपण डबा खाली काढतो, पुसतो आणि परत फळीवर ठेवतो. घर विकताना तो परत फळीवर ठेवता येत नाही. तो भंगारात जाणार, लेकीकडं जाणार की लातूरच्या दोन खोल्यांत मावणार, हे तेव्हाच्या तेव्हा ठरवावं लागतं.

आपल्या नांदेड-लातूरकडं घरं का विकली जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लेकरं अकरावी-बारावीला लातूरला नाहीतर नांदेडला जातात, मागोमाग आई खोली करून राहते आणि हळूहळू घरच तिकडं सरकतं. कुणी पुण्याला कंपनीत लागतं, कुणाच्या डोक्यावर कर्ज होतं, कुठं भावाभावांच्या वाटण्या होतात. घर विकायचा विषय बहुतेक पुरुषांच्या बैठकीत निघतो, किंमतही तिथंच ठरते. मग आपल्याला निरोप येतो, "चार दिवसांत घर मोकळं करा." बोलणी त्यांची आणि उचलाउचल आपली. आम्हाला वाटतं, आधी घर आवरावं आणि मग गिऱ्हाईक बोलवावं. कारण घराच्या हक्काचे कागद, लेकरांच्या कामाचे दाखले आणि आपली स्वतःची चीजवस्तू हे सगळं त्या अडगळीतच पडलेलं असतं.

सुरुवात पत्र्याच्या पेटीपासून करा. पेटीत, गादीखाली, फोटोच्या मागं, तांदळाच्या डब्यात, जुन्या पिशवीत, जिथं जिथं कागद सापडेल तो आधी एका जागी आणा. चुलीत एकही घालू नका. लिहिता-वाचता येणाऱ्या दोघीजणी बसवा आणि एकेक कागद मोठ्यानं वाचायला सांगा. गटाच्या बैठकीत हे काम अर्ध्या दिवसात होतं.

यात काय काय निघतं ते सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. नुसत्या त्याच्यावर मालकी पक्की ठरत नाही, पण गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतं. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र. अलीकडं गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली आहे, ती स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका किंवा सनद मिळाली असेल. तिच्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा. सासऱ्यांचंच नाव असेल आणि सासरे वारले असतील, तर वारसांची नावं लागल्याशिवाय व्यवहार अडतो. 2003 साली राज्य सरकारनं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं करण्याचा निर्णय घेतला होता. तेव्हा कितीतरी गावांत नमुना 8 वर बायांची नावं लागली. तुमचं लागलं होतं का, हे याच कागदात कळेल.

औसा, निलंगा भागातल्या बायांनी आणखी एक कागद शोधावा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसनात ज्यांना घर मिळालं, त्यांच्याकडं त्या घराचा कागद असतो आणि भूकंपग्रस्त असल्याचा दाखलाही असतो. तो दाखला सरकारी नोकरीच्या समांतर आरक्षणात लागतो. घर विकलं तरी तो जपून ठेवायचा असतो.

आता आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. हा तर बिनकामाचा म्हणून पहिला फेकला जातो. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना जुनाच पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो आणि पडताळणीसाठी पणजोबाच्या शाळेचा शोध सुरू होतो. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत असतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दी ठरत नाहीत. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा असल्याच कागदांसाठी लोकांनी घरंदारं धुंडाळली. पिवळे पडलेले कागद प्लास्टिकच्या फायलीत घाला आणि मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. लेमिनेशन मात्र करू नका, जुना कागद त्यात खराब होतो आणि मागची बाजू तपासताना अडचण येते.

(आणि हो, बचत गटाची वही, पासबुक, शिक्का तुमच्याकडं असेल तर तो गावातच नव्या सचिवाच्या हाती द्या. गट गावात आणि वही पुण्यात, अशी गंमत नको.)

कागद झाले की भांडी. तांब्याचा हंडा, पितळी घागर, परात, ताट-तांब्या, यांवर बहुतेक नाव घातलेलं असतं. त्यात आपल्या लग्नातलं माहेरचं किती, सासरचं किती, हे आपल्यालाच माहीत असतं. जे माहेराहून आलं, आहेरात आपल्याला मिळालं, ते स्त्रीधन. त्यावर आपलाच हक्क आहे आणि ते घराबरोबर विकलं जात नाही. ते आधी वेगळं काढा. बाकीचं विकायचं ठरलं तर मोडीवाल्याच्या काट्यावर विसंबू नका. किराणा दुकानात नाहीतर गटाच्या काट्यावर आधी वजन करून घ्या, आणि तांबं, पितळ, जर्मन वेगवेगळं तोला. सगळं एकत्र घातलं की सगळ्याला स्वस्तातला भाव लागतो.

गोधड्या आणि जुनी लुगडी यांच्यावर बोहारणीचा डोळा असतो. साधी फाटकी लुगडी देऊन स्टीलचं पातेलं घेतलं तर काही बिघडत नाही. पण किनवट, मुखेड, कंधारकडच्या तांड्यांवर आजीची भरतकामाची फेटिया, काचळी, कवड्या आणि आरसे लावलेली झोळी असते. हाताचं ते काम आता फार कमी बाया करतात आणि शहरात त्याला चांगली किंमत येते. एका पातेल्याला ते देणं म्हणजे नुकसानच. विकायचं नसेल तर लेकी-सुनांत वाटून घ्या.

आता भिंतीतल्या आणि जमिनीतल्या जागा. जुन्या माळवदाच्या घरात धान्याचं बळद असतं, कुठं अंगणात पेवही असतं. बळद रिकामं करताना आत वाकण्याआधी बॅटरीनं बघा, विंचू-सापाची जागा ती. पेवाबद्दल मात्र आम्ही कडक शब्दांत सांगतो: वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात कुणीही उतरू नये. आत विषारी हवा साठलेली असते, वरून ती दिसत नाही आणि वासही येत नाही. एक माणूस आत कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, अशी माणसं गेलेली आहेत. पेव बुजवायचं असेल तर वरूनच माती टाका. गिऱ्हाइकालाही पेव कुठं आहे ते दाखवा, नाहीतर पुढं त्यांचं लेकरू खेळताना आत जाईल.

तुळईवर, कोनाड्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात. घर बघायला येणाऱ्यांबरोबर लहान लेकरं येतात, म्हणून या बाटल्या सगळ्यात आधी बाहेर काढा. औषध आडात, नालीत ओतू नका, बाटली धुऊन तेल-पाण्याला वापरू नका आणि भंगारातही देऊ नका. उरलेल्या औषधाचं काय करायचं ते कृषी सहायकाला विचारा.

घर मोकळं झालं की पहिल्यांदा भिंती दिसतात. कणग्या, पेट्या, सरपण हटल्यावर ओल कुठं आहे, भेग कुठं गेली आहे, हे आपल्याच लक्षात येतं. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद यांच्याखाली हजारो माणसं दबली. म्हणून आपल्याकडचं गिऱ्हाईक आजही भेगेवर हात फिरवून बघतं. बाहेर पडणारं पाणी, सुटलेला गिलावा, तुटकी कडी, हे दुरुस्त करा, चुन्याचा हात द्या. पण भेग रंगाखाली झाकू नका. आपल्याला माहीत असलेला आणि सहज न दिसणारा दोष विकणाऱ्यानं घेणाऱ्याला सांगितला पाहिजे, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. भेग दाखवली तर किंमत थोडी कमी होईल, पण मागून भांडण येणार नाही.

जुन्या घरात लाकूडच महाग. सागाच्या तुळया, खांब, चौकटी, नक्षीची दारं. गिऱ्हाईक "जागेचे पैसे देतो" म्हणतं आणि लाकूड त्यातच धरून बसतं. घरात बसवलेलं काय काय जागेबरोबर जाणार आणि काय तुम्ही नेणार, हे बोलणीच्या वेळी कागदावर लिहा. पत्रे, पाण्याची टाकी, बोअरची मोटार, जमिनीत पुरलेलं उखळ, सगळं. देव मात्र आपल्या घराच्या रीतीनं हलवा, त्यात कुणाचं ऐकायची गरज नाही.

एवढं झाल्यावर सहीचा प्रश्न येतो. पसाऱ्याच्या गडबडीत "इथं सही कर" म्हणून एखादा कागद पुढं येतो. तो हक्कसोडपत्र नाही ना, हे वाचून घ्या, नाहीतर गटातल्या कुणाकडून वाचून घ्या. हिंदू घरात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच वाटा आहे. 2005 साली कायदा बदलला आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या वेळी वडील हयात नसले तरी लेकीचा वाटा राहतो. मुस्लिम घरात वाटे शरियतप्रमाणे निघतात, त्यातही लेक आणि बायको वारस आहेतच. म्हणून नणंदेला विचारल्याशिवाय घर विकायला काढू नका आणि माहेरचं घर विकताना तुम्हालाही कुणी विचारलं पाहिजे. घरकुल योजनेतलं घर असेल तर त्याच्या अटी पंचायतीत आधी विचारा. विकलेल्या पैशातून लातूर-नांदेडला राहतं घर घेणार असाल, तर खरेदी फक्त बाईच्या नावानं केल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे बैठकीत नवऱ्याला ऐकवा, पैशाची गोष्ट लवकर पटते.

शेवटच्या दिवशी किल्ली देण्याआधी विजेच्या मीटरचा आकडा लिहून त्याचा फोटो काढा. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईट बिल भरल्याच्या पावत्या खरेदीखताबरोबर ठेवा आणि मीटर नव्या मालकाच्या नावानं करायचा अर्ज महावितरणकडं त्याच आठवड्यात द्या. रेशन कार्डावरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव बदलायला विसरू नका. कागदांची ती फाईल टेम्पोत टाकू नका, मांडीवर घेऊन बसा.